तीन नंबरच्या दाराबाहेरचे बूट

आमच्या घरातलं कुणीच कधी हॉटेलात मुक्कामाला राहिलं नव्हतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत असताना तंबूत राहिले, बराकीत राहिले आणि एकदा गाडी चुकली म्हणून फलाटावर राहिले. आई फक्त माहेरी राहिली. हॉटेल म्हणजे आमच्या लेखी चहा आणि भजी. त्यामुळे कॉलेजच्या एकांकिकेत महाबळेश्वरला सुट्टीसाठी आलेल्या पाहुण्याचं काम माझ्या वाट्याला आलं, तेव्हा मी सरांना पहिला प्रश्न विचारला, "सर, तिथं अंथरूण आपलं न्यायचं असतं का?"

सर हसले नाहीत. ते आम्हाला मराठी शिकवायचे आणि नाटकही बसवायचे. ते म्हणाले, "अंथरुणाचं राहू दे. तू फक्त मोठ्यानं बोल."

आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं.

मी कोरेगावकडच्या एका खेड्यातला. दहावीच्या पुढे शिकणारा घरातला पहिलाच. साताऱ्याच्या कॉलेजात आल्यावर पहिल्या आठवड्यात मी वर्गात उभा राहून "सर, आमी तवा न्हवतो" असं काहीतरी बोललो आणि मागच्या दोन बाकांवर खसखस पिकली. त्यात वाईट काही नव्हतं, पोरंच ती. पण त्यानंतर मी काहीही बोलण्याआधी वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यायला लागलो. 'हाय'चं 'आहे', 'न्हाई'चं 'नाही'. दुरुस्ती होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मग जे काही निघायचं, ते ओठांपाशीच विरून जायचं. हळूहळू ती खोड घरीही आली.

दिवाळीच्या सुट्टीत आण्णांनी ती पकडली. मी भाकरी मागितली, ती आईला ऐकू गेली नाही. दुसऱ्यांदा मागितली, तरी गेली नाही.

आण्णा म्हणाले, "शाळंत हुतास तवा ह्या बांधावरनं त्या बांधाला हाक मारायचास. म्हशी बुजायच्या. आता कॉलेजात घातला तर तोंडात कापूस. शिकून मुकंच व्हायचं आसंल तर त्ये घरी बसून बी जमतंय."

माझा थोरला भाऊ फौजेत होता. उन्हाळ्यात कोल्हापूरला पुन्हा भरती निघणार असल्याची बातमी गावात आली होती. आण्णा माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "धाव बरी हाय तुजी. तितं तोंड लागत न्हाई. 'जी साब' म्हणलं की झालं."

मला बी.ए. पूर्ण करायचं होतं. का, ते मला त्यांना सांगता येत नव्हतं, कारण सांगायला मोठ्यानं बोलावं लागलं असतं. मी एवढंच पुटपुटलो, की मी नाटकात आहे.

"कशात?"

"नाटकात."

"ह्यो नाटकात?" आण्णांनी आईकडे बघितलं. "आन् बोलतुय कोन ह्येच्या वतीनं?"

मग त्यांनी फौजी पद्धतीनं निकाल लावला. "कुटं हाय त्ये नाटक?"

"सांगलीला. स्पर्धा आहे."

"म्या येतो. सगळ्यात मागं बसतो. तुजं बोलणं मला तितं ऐकाया आलं तर कॉलेज पुरं कर. न्हाई आलं तर पेपर झालं की भरती. बोल, कबूल?"

आई मध्ये पडली. "आवं, तोफंनं तुमचा डावा कान गेलाय. तुमाला पुढं बसून बी ऐकाया येत न्हाई."

"म्हणून तर मागं बसतो," आण्णा म्हणाले. "परीक्षा म्हंजी परीक्षा."

मी कबूल म्हणालो. आण्णा म्हणाले, "आं?"

तसा तेव्हा मी नाटकात नट म्हणून नव्हतोच. मी प्रॉम्प्टर होतो, म्हणजे पडद्याआड वही घेऊन बसायचं आणि नटाला पुढचं वाक्य आठवलं नाही की ते हळूच पुरवायचं. ते काम माझ्यासाठीच जन्माला आलं होतं. पण मुख्य काम करणाऱ्या पोराला गालगुंड झालं. त्याचा एक गाल असा फुगला, की सरांनी त्याला एकदा बाजूनं बघितलं आणि मान खाली घातली. सगळी वाक्यं पाठ असलेला एकटा मीच उरलो होतो.

नाटक साधं होतं. पुण्यातला एक कारकून खोटं सांगून रजा काढतो आणि महाबळेश्वरच्या हॉटेलात मजा करायला येतो. नेमके त्याच हॉटेलात त्याचे साहेब सपत्नीक येतात. कारकुनाचा लपाछपीचा खेळ सुरू होतो, वेंधळा वेटर चाव्यांची अदलाबदल करतो आणि सगळे भलत्याच खोल्यांत जातात. रंगमंचावर तीन दारं. एक नंबरची खोली साहेबांची. दोन नंबरची साहेबांच्या बायकोची, कारण साहेब घोरतात. तीन नंबरची माझी.

साहेब झाला होता साताऱ्यातल्या एका वकिलांचा मुलगा. उंच, गोरा, बोलणं स्वच्छ; पाठ केलेलं वाक्य कधी चुकायचा नाही आणि पाठ नसलेलं कधी बोलायचा नाही. त्याची बायको झालेली मुलगी वाईची होती. वेटर होता माझा हॉस्टेलमधला खोलीसोबती, कवठे महांकाळकडचा. त्याला कशाचीच भीती वाटायची नाही, पाठांतराचीही नाही, कारण तो ते करायचाच नाही.

माझी गाडी एका वाक्यावर अडायची. सुरुवातीलाच वेटर मला विचारतो, रजा कशी मिळाली? मी म्हणायचं, "साहेबांना सांगितलं, माझे वडील अंथरुणाला खिळलेत. आज-उद्याचे सोबती आहेत."

हे वाक्य माझ्या घशातून निघेना. निघालं तर हवेसारखं निघायचं. स्वतःच्या वडिलांबद्दल असलं अभद्र तोंडानं कसं काढायचं? आमच्याकडे शेजारी विचारतात, "वडील बरं हायत न्हवं?" तर बरे असोत-नसोत, "बरं हायत" असंच म्हणायची पद्धत.

सर म्हणाले, "अरे, हे खोटं आहे. नाटक आहे."

"हो सर. पण वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो म्हणतात."

"इथं कॉलेजात कुठला वास्तुपुरुष?"

खोलीसोबत्यानं तोडगा काढला. "हे बघ गड्या, तोंडानं 'माझे वडील' म्हण. मनात म्हण, ह्या साहेबाचे वडील."

वकिलांचा मुलगा एकदम उभा राहिला. "का? माझेच वडील का?"

"तुझे सुखवस्तू हायत की. त्यांना काय होतंय?"

दोन दिवस ते एकमेकांशी बोलले नाहीत. त्यामुळे साहेब आणि वेटर यांचा प्रवेश मात्र खूप चांगला बसला.

तालमी एका वर्गात व्हायच्या. बाकं मागे सरकवायची, खडूनं तीन आडव्या रेघा मारायच्या, ती दारं. सरांचा नियम होता, तालमीच्या जागी पायताण घालून यायचं नाही; रंगभूमी म्हणजे देवाची जागा. आम्ही चपला वर्गाबाहेर काढायचो आणि अनवाणीच महाबळेश्वरला जायचो. माझ्या कामासाठी काळे चकचकीत बूट लागणार होते. ते वकीलसाहेबांचे आणले होते. ते मला एवढे मोठे होते, की पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबावे लागले. वापरून खराब होऊ नयेत म्हणून तेही तालमीत घातले नाहीत. हे सगळं मी सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात माझा दोष किती आणि खडूच्या रेघांचा किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

सांगलीला आम्ही सकाळीच टेम्पोनं पोचलो. आमचं नाटक दुपारच्या सत्रात होतं. दारं तिथल्याच एका सामानवाल्याकडून भाड्यानं घेतली होती. रंगवलेली, कड्या असलेली, खरी दारं. चौकट उभी राहावी म्हणून प्रत्येक दाराला खालून आडवं लाकूड ठोकलेलं होतं. मागे पडद्यावर डोंगर आणि एक धबधबा. मी बूट घालून चालून बघितलं. प्रत्येक पावलाला टाच बुटातून वर यायची आणि बूट मागून यायचा.

वाईची मुलगी म्हणाली, "तू पुढे, बूट मागे. असं वाटतंय बूटच तुझ्यावर पाळत ठेवून आहेत."

नारळ फोडला. पडद्याच्या फटीतून मी मागची रांग बघितली. आण्णा आले होते. डोक्याला फेटा, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि बराकीत तपासणी असल्यासारखे ताठ बसलेले. सांगलीचं प्रेक्षागृह भरलेलं होतं. त्या गावाला नाटकाचा नाद आहे, असं सर सकाळपासून आम्हाला भीती घालत होते.

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला.

वेटरनं विचारलं, "साहेब, रजा कशी मिळाली म्हणायची?"

मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. फेटा दिसला. 'माझे वडील अंथरुणाला खिळलेत' हे मी म्हणालो, पण ते बहुधा वेटरलाही ऐकू गेलं नसावं, कारण तो म्हणाला, "आं?" हा 'आं' नाटकात नव्हता. मी पुन्हा म्हणालो. पहिल्या रांगेतून कुणीतरी "मोठ्यानं!" म्हणालं. मागच्या रांगेतला फेटा हळूहळू डावीकडून उजवीकडे हलला. चांगला कान पुढे केला जात होता. त्यानंही काही हाती लागलं नसणार, कारण फेटा पुन्हा सरळ झाला. मला कोल्हापूरचं मैदान दिसायला लागलं.

पुढचं नाटक मी कसं केलं, आठवत नाही. साहेब आणि बाईसाहेब आले. मी त्यांना बघून दचकलो, ते मात्र खरंखुरं दचकणं होतं. आता मला पळत जाऊन तीन नंबरमध्ये लपायचं होतं. मी पळालो, दार उघडलं, आत शिरलो, कडी लावली. एवढं बरोबर जमलं म्हणून मला जरा हायसं वाटलं. बाईसाहेबही ठरल्याप्रमाणे कपाळ दुखतंय म्हणून दोन नंबरमध्ये गेल्या. बाहेर साहेब आणि वेटर उरले.

साहेबांनी विचारलं, "काय रे, या तीन नंबरमध्ये कोण उतरलंय?"

वेटर म्हणाला, "कोण न्हाई साहेब. तीन नंबर रिकामी हाय."

प्रेक्षागृहात एकदम हशा फुटला. मी आत उभा राहून विचार करत होतो, की यात हसण्यासारखं काय आहे. तालमीत या वाक्याला कधी कुणी हसलं नव्हतं. हशा थांबेना. मग बाल्कनीतून आवाज आला, "ओ साहेब, बूट बघा, बूट!"

मी खाली बघितलं. माझ्या पायांत नुसते मोजे होते.

आमच्या घरी उंबरा ओलांडताना पायताण बाहेर काढायचं असतं. ते कुणी सांगावं लागत नाही. ते काढायचं कसं, याचाही आण्णांचा फौजी नियम होता: दोन्ही जोडीनं, सरळ रेषेत, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे बिगुल झाला की उलटं वळायला लागत नाही. लहानपणी जोडा वाकडा दिसला की आम्हाला जेवणावरून उठवून तो सरळ करायला लावायचे. खडूच्या रेघेला उंबरा नव्हता. सांगलीच्या दाराला होता. साहेबाच्या भीतीनं जीव मुठीत घेऊन पळताना, एवढ्या घाईत, माझ्या पायांनी मला न विचारता ते बूट काढले होते आणि तीन नंबरच्या दाराबाहेर, दिव्याच्या झोतात, जोडीनं, सरळ रेषेत, तोंडं प्रेक्षकांकडे करून मांडून ठेवले होते.

फटीतून मला साहेबाचा चेहरा दिसत होता. बूट त्याच्या वडिलांचे होते. त्यानं ते ओळखले होते, त्याला ते दिसत होते, आणि त्याचं पुढचं वाक्य होतं, "छे! माझा कारकून इथं असूच शकत नाही." त्याच्याकडे दुसरं वाक्य नव्हतं. तो बुटांवरून नजर उचलून धबधब्याकडे बघायला लागला.

"काय हवा आहे महाबळेश्वरची!" तो म्हणाला.

वेटर म्हणाला, "साहेब, तुमी हवा खात ऱ्हावा. मी आलोच." आणि तो विंगेत पळाला.

नंतर त्यानं मला सांगितलं, त्याचा विचार सरळ होता. एका दाराबाहेर जोडा असला तर संशय येतो. सगळ्या दारांबाहेर जोडे असले तर ते पॉलिशला काढलेले वाटतात. मोठ्या हॉटेलात तसं करतात, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. तेव्हा जोडे पाहिजेत. त्यानं वाईच्या मुलीनं विंगेत काढून ठेवलेल्या साध्या चपला उचलल्या. रंगमंचावर तिच्या पायांत उंच टाचांच्या होत्या. पण पुरुषाचा जोडा? आम्हा बाकीच्या पोरांच्या चपला रंगपटात होत्या आणि रंगपटाला कुलूप होतं. विंगेत एकट्या सरांच्या पायांत बूट होते, पण त्यांनी ते द्यायला नकार दिला. त्यांच्या मोज्याला भोक होतं. मग तो बाजूच्या दारानं बाहेर पळाला आणि गोल वळसा घालून प्रेक्षागृहाच्या मागच्या दाराशी गेला. एवढे लोक नाटकाला आलेले, सगळे चपलांसकट आत बसलेले. मागच्या दाराबाहेर एकच जोड होता. सरळ रेषेत लावलेला, तोंड बाहेर.

इकडे साहेबानं महाबळेश्वरच्या हवेचं तीनदा कौतुक केलं होतं. चौथ्यांदा करणार, एवढ्यात वेटर धापा टाकत आला. "पॉलिशचे जोड हायत साहेब!" असं ओरडून त्यानं बायकी चपला साहेबाच्या दाराबाहेर ठेवल्या आणि दुसरा जोड दोन नंबरच्या. म्हणजे बाईसाहेबांच्या. घाईत त्याची दारं चुकली. नाटकात वेंधळेपणा करायचा असा त्याला आदेशच होता. तो त्यानं खरा केला.

मी फटीतून बघितलं आणि तो जोड ओळखला. जाड तळाचं, तेल पाजून काळं पडलेलं, अंगठ्याला लाल दोऱ्याची वीण घातलेलं ते पायताण मी लहानपणापासून रोज सरळ लावत आलो होतो.

साहेबानं ते बघितलं. त्याच्या बायकोच्या दाराबाहेर परक्या पुरुषाचं पायताण. आयुष्यात पहिल्यांदा तो पाठ नसलेलं वाक्य बोलला, तेही भरदार आवाजात:

"हे कुणाचं आहे?"

शेवटच्या रांगेतून उत्तर आलं, "माजं हाय त्ये!"

सगळं प्रेक्षागृह मागे वळलं. आण्णा उभे राहिले होते. "माजं पायतान हाय. दाराशी काढून ठेवलं हुतं. तितं कसं ग्येलं?"

असा हशा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. साहेबाच्या बायकोच्या दाराबाहेरचं पायताण आपलं आहे, असं एक फेटेवाला म्हातारा भर सभेत कबूल करत होता. दोन नंबरचं दार किलकिलं झालं, वाईच्या मुलीनं डोकं बाहेर काढलं, पायताण बघितलं, आण्णांना बघितलं आणि "अगं बाई!" म्हणून दार लावून घेतलं. ते पाठांतरातलं नव्हतं. दाराच्या मागे ती हसत खाली बसल्याचा आवाज मला आला.

आण्णा मधल्या वाटेनं चालत यायला लागले. अनवाणी, हात हलवत, संचलनासारखे. रंगमंचावर चढून पायताण घेऊन जायचा त्यांचा इरादा स्पष्ट होता. वेटर माझ्या दाराकडे बघत होता. साहेब धबधब्याकडे बघत होता. विंगेत सर दोन्ही हातांनी डोकं धरून उभे होते. मला कळत होतं, की मी बाहेर गेलो तर नाटक तिथंच संपतं, कारण साहेबाला कारकून शेवटी सापडायचा असतो. आणि नाही गेलो तर आण्णा वर येणार, आणि पडदा पडणार.

मी कडी काढली आणि मोज्यांवर बाहेर आलो. वाक्य मनात दुरुस्त करायला वेळच नव्हता.

"आण्णा! थांबा तितंच! नाटक हाय ह्ये! पायतान कुटं जात न्हाई तुमचं! बसा खाली!"

बांधावरून बांधाला मारतात तशी हाक होती ती. नाट्यगृहाच्या पत्र्याखालची कबुतरं उडाली, असं खोलीसोबती अजून सांगतो. मी काही बघितली नाहीत. आण्णा मधल्या वाटेत थांबले. मी त्यांना आयुष्यात कधी 'बसा खाली' म्हणालो नव्हतो. त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला. मग ते म्हणाले:

"हां. आता ऐकाया आलं."

आणि ते वळले. पण आता साहेबाची जीभ सुटली होती. तो एकदा मला बघत होता, एकदा त्यांना.

"तुम्ही! इथं!" तो मला म्हणाला. "आणि हे कोण? हे तुमचे वडील? ते तर अंथरुणाला खिळलेत ना? आज-उद्याचे सोबती आहेत म्हणालात!"

आण्णा गर्रकन उलटे वळले. "कोन खिळलंय? काल उसाला पाणी पाजलंय म्या! कोन म्हणलं रं, खिळलाय म्हणून?"

"मी म्हणालो, आण्णा!"

"का?"

मी खरं तेच सांगितलं. "रजा मिळंना म्हणून!"

आण्णांना ते पटलं. मग साहेबाकडे बोट करून म्हणाले, "दे की गड्या त्येला रजा. फौजेत आमी बी आसंच म्हणायचो."

साहेब म्हणाला, "दिली." आणि पडदा पडला, कारण पडदेवाल्याला हसता हसता दोरी धरवेना.

सगळ्या एकांकिका झाल्यावर निकाल लागला. परीक्षकांपैकी एक वयस्कर गृहस्थ भाषणाला उभे राहिले. म्हणाले, साताऱ्याच्या मुलांनी प्रेक्षागृहात नट बसवण्याची धाडसी कल्पना लढवली. पादत्राणांचा उपयोगही सूचक. मात्र कारकुनाचा आवाज सुरुवातीला अगदीच पडतो, हे बहुधा शेवटच्या स्फोटासाठी मुद्दाम केलेलं असावं. आणि शेतकरी बापाचं काम करणाऱ्या विद्यार्थ्याची रंगभूषा अप्रतिम. "पावलांना पडलेल्या भेगासुद्धा हुबेहूब दाखवल्या आहेत!"

रंगभूषेचं पारितोषिक आम्हाला मिळालं. सर खरं सांगायला व्यासपीठावर गेले. "अहो, ते खरोखरच—" एवढं म्हणाले, तर परीक्षक म्हणाले, "विनय पुरे," आणि त्यांच्या हातात ढाल दिली. आण्णांनी तोवर मला विचारलं होतं, "रंगभूषा म्हंजी काय रं?" मी सांगितलं. ते बराच वेळ आपल्या पायांकडे बघत बसले. म्हणाले, "म्हंजी बक्षीस पायांस्नी मिळालं."

बघत बसले ते अनवाणीच. कारण त्या गडबडीत पुढच्या कॉलेजला रंगमंच रिकामा करून द्यायचा होता. पोरांनी दारं सामानवाल्याला परत दिली आणि बाकीचं सगळं टेम्पोत भरून टेम्पो साताऱ्याला लावून दिला. आण्णांचं पायताण त्यात गेलं. मागे राहिले फक्त वकीलसाहेबांचे काळे बूट, कारण ते खोलीसोबत्यानं खरोखरच कुणाला तरी पॉलिशला दिले होते.

एस.टी. स्टँडवर आण्णांनी ते घातले. त्यांना ते बरोबर बसले. बोळेसुद्धा काढावे लागले.

साहेब झालेल्या पोराचा चेहरा पडला. "ते माझ्या वडिलांचे आहेत," तो मला हळूच म्हणाला.

"मोठ्यानं सांग," मी म्हणालो. "त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही." त्यानं सांगितलं नाही.

कोरेगावची गाडी लागली. मी बरोबर चढलो नाही. मला सरांसोबत साताऱ्याला जायचं होतं. मला विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता. ऐकू आलं, हे तर ते सगळ्या सांगलीसमोर बोलले होते. पण नाटकातलं वाक्य ऐकू आलं नव्हतं. आलं ते नाटकाबाहेरचं. परीक्षा म्हंजी परीक्षा.

शेवटी मी म्हणालो, "आण्णा, मग भरतीचं?"

"आं?"

"भरतीचं काय?" मी मोठ्यानं विचारलं. गाडीतली दोन माणसं वळून बघायला लागली.

आण्णा पायरीवर चढले, तिथून म्हणाले, "त्ये नाटकातलं मला काय कळलं न्हाई. पर दारातलं बूट सरळ लावलं हुतंस. म्या मागनं बघितलं." मग म्हणाले, "माजं पायतान कॉलेजात ग्येलंय न्हवं? ऱ्हाऊ दे तितंच. आन् त्ये राखायला तू ऱ्हा. पास झालास की म्या घ्यायला येतो."

बी.ए. होईपर्यंत ते पायताण हॉस्टेलच्या आमच्या खोलीच्या दाराबाहेर होतं. आत कुणी नसलं तरी लोकांना वाटायचं, आहे. वकीलसाहेबांना मुलानं काय सांगितलं, ते मला माहीत नाही. त्यांचे बूट दर आठवड्याला कोरेगावच्या बाजारात फिरत होते.

निकाल लागला त्या दिवशी आण्णा आले. मी वरच्या गॅलरीतून बघितलं. कॉलेजच्या फाटकापाशी ते थांबले, वाकले, काळे बूट काढले, बाजूला सरळ रेषेत लावले, तोंडं रस्त्याकडे, आणि अनवाणी आत आले. माझ्या शेजारी खोलीसोबती उभा होता. तोही तिकडेच बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत तीच सांगलीची चमक आलेली मला दिसली.

मी त्याचा हात घट्ट धरला. "बुटांना हात लावशील तर बघ," मी म्हणालो.

खाली आण्णांनी चालता चालता उजवा कान वर केला.